जबाबदार पर्यटनाची पार्श्वभूमी: जाहीरनाम्यांकडून मर्यादांकडे

१९५० मध्ये पर्यटनासाठी आपल्या देशाची सीमा ओलांडणारे लोक जगभरात मिळून सुमारे अडीच कोटी होते. २०१९ मध्ये हा आकडा दीडशे कोटींच्या जवळ गेला. साठपटीच्या आसपास झालेल्या या वाढीची सुरुवात विमानांपासून झाली. १९५८ मध्ये बोइंग ७०७ अटलांटिकपार नियमित उडू लागले, जानेवारी १९७० मध्ये बोइंग ७४७ आले, आसने वाढली, भाडी उतरली. किनारे, बेटे आणि जुनी शहरे मात्र होती तेवढीच राहिली. तिथले पाणी, सांडपाण्याच्या वाहिन्या आणि रस्ते तेवढ्या गर्दीसाठी कधी बांधलेच नव्हते.

या ताणाची पहिली चाहूल लागली ती यजमानांच्या वागण्यातून. १९७५ मध्ये अभ्यासक जॉर्ज डॉक्सी यांनी स्थानिक लोकांच्या बदलत्या भावनेचे चार टप्पे मांडले: आधी उत्साह, मग अलिप्तपणा, मग चीड आणि शेवटी उघड विरोध. सगळीच गावे या क्रमाने जात नाहीत, अशी टीका या मांडणीवर झाली आणि ती रास्त आहे. तरीही पर्यटकाला हे टप्पे ओळखता येणे फार उपयोगाचे आहे. घरे भाड्याने मिळेनाशी झाली, रोजची दुकाने जाऊन आठवणवस्तूंची दुकाने आली, की तिसरा टप्पा सुरू झालेला असतो.

त्यानंतरची दोन दशके जाहीरनाम्यांची होती. १९८० चा मनिला जाहीरनामा, १९९५ ची स्पेनच्या लांझारोटे बेटावरील शाश्वत पर्यटनाची सनद, १९९९ ची जागतिक पर्यटन संघटनेची आचारसंहिता. या मालिकेत ऑगस्ट २००२ चा जबाबदार पर्यटनाचा केप टाउन जाहीरनामा सर्वांत मोलाचा मानावा लागतो, कारण त्याने क्रम नीट लावला: जागा आधी तिथे राहणाऱ्यांसाठी चांगली हवी, मग भेट देणाऱ्यांसाठी. जबाबदारीही एकट्या सरकारवर न टाकता हॉटेल, सहल कंपनी, स्थानिक लोक आणि पर्यटक या सगळ्यांमध्ये वाटून दिली. पण एका किनाऱ्यावर एका वेळी किती माणसे चालतील, हा प्रश्न या दस्तऐवजांनी त्या त्या ठिकाणावरच सोडला, आणि बहुतेक ठिकाणी तो कुणी हाती घेतलाच नाही.

जिथे घेतला गेला, तिथले चित्र वेगळे आहे. भूतानने १९७४ मध्ये परदेशी पर्यटकांना दार उघडले ते मोजूनमापून, आणि मुक्कामाच्या प्रत्येक रात्रीमागे शुल्क घेण्याची पद्धत पुढेही ठेवली. २०२२ मध्ये हे शुल्क २०० डॉलर झाले, २०२३ मध्ये १०० डॉलरवर आले.

अंटार्क्टिकाचे उदाहरण अधिक बारकाईने पाहण्यासारखे आहे. तिथे सरकारच नाही. १९९१ मध्ये सहल कंपन्यांनीच आपली संघटना स्थापन केली. तिच्या नियमांनुसार एका ठिकाणी एका वेळी १०० पेक्षा जास्त प्रवासी उतरू शकत नाहीत आणि ५०० पेक्षा अधिक प्रवासी असलेले जहाज कुणालाही किनाऱ्यावर उतरवू शकत नाही. पेंग्विनपासून किमान ५ मीटर अंतर ठेवायचे. पेंग्विन स्वतःहून जवळ आला तर थांबायचे, त्याची वाट अडवायची नाही. उतरण्याआधी बूट घासून जंतुनाशक द्रावणात बुडवतात. कपड्यांचे खिसे, बॅगांच्या शिवणी आणि आकडेदार चिकटपट्ट्या (वेल्क्रो) यांतून बिया व माती काढली जाते. सर्वाधिक चुकते ते चिकटपट्टीपाशी: गवताचे बी तिच्या आकड्यांत अडकते आणि नुसते झटकून निघत नाही, चिमट्याने उपसावे लागते. बर्फ नसलेल्या जमिनीच्या छोट्या पट्ट्यांत एक परके गवत रुजले तरी ते काढणे अवघड होते. कुठल्याही बेटावर किंवा अभयारण्यात जाताना बूट आणि ट्रेकिंगच्या काठ्या घरूनच स्वच्छ करून न्याव्यात, त्यामागचे कारण हेच.

२०१८ हे या इतिहासातले वळण. त्या वर्षी २६ एप्रिलला फिलिपिन्सने बोराकाय बेट पर्यटकांसाठी सहा महिने बंद केले. दोष एकट्या पर्यटकांचा नव्हता. अनेक हॉटेलांचे सांडपाणी प्रक्रियेविना समुद्रात जात होते आणि बांधकामे किनाऱ्याला भिडली होती. बेट पुन्हा उघडताना पर्यटकांची कमाल संख्या ठरवली गेली: एका वेळी १९,२१५.

त्याच वर्षी जूनमध्ये थायलंडची माया बे बंद झाली. एका चित्रपटामुळे प्रसिद्धी मिळालेल्या या छोट्या खाडीत बोटी थेट वाळूपर्यंत येत. नांगर प्रवाळावर पडत आणि बोटींच्या पंख्यांनी उडालेला गाळ प्रवाळावर बसून त्याचा प्रकाश अडवत असे. बंदीच्या काळात प्रवाळाची रोपे लावली गेली आणि काळ्या टोकाच्या पंखांचे शार्क खाडीत परतले. जानेवारी २०२२ मध्ये खाडी उघडली तेव्हा बोटींचा धक्का मागच्या बाजूला हलवलेला होता, गटागटाने प्रवेश होता आणि पोहण्याला मनाई होती. बोटीची सहल ठरवताना म्हणूनच एक प्रश्न जरूर विचारावा: बोट नांगर टाकते की कायम बसवलेल्या बोयाला (तरंगत्या खुणेला) बांधतात? उत्तर देता येत नसेल, तर दुसरा चालक शोधावा.

व्हेनिसचा प्रश्न वेगळा होता. तिथे येणाऱ्यांपैकी मोठा भाग सकाळी येऊन संध्याकाळी जाणारा. गल्ल्या, पूल आणि कचराव्यवस्था तो वापरतो, पण मुक्काम नसल्याने मुक्काम कर भरत नाही. १ ऑगस्ट २०२१ पासून २५,००० टनांहून मोठ्या जहाजांना शहरालगतच्या जुदेक्का कालव्यात बंदी आली आणि एप्रिल २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी एका दिवसाच्या पाहुण्यांना ५ युरो प्रवेशशुल्क लागू झाले. एवढ्या शुल्काने गर्दी हटेल असे वाटत नाही. पाहुण्याच्या हातातले अधिक परिणामकारक उत्तर म्हणजे दोन-तीन रात्री राहणे, तेही हंगामाबाहेर, आणि स्थानिक मालकीच्या जागेत. सर्व काही आगाऊ भरलेल्या सहलीत जेवण, खोली आणि फेरफटका यांचे पैसे बहुतांशी मूळ कंपनीकडे जातात. गावाच्या वाट्याला पगार तेवढे उरतात.

काही नियम आता थेट सामानाच्या बॅगेपर्यंत पोहोचले आहेत. पॅसिफिक महासागरातल्या पलाउ या बेटांच्या देशाने १ जानेवारी २०२० पासून प्रवाळाला घातक ठरवलेले घटक असलेली सनस्क्रीन बंद केली. हवाईने वर्षभराने ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही रसायने असलेल्या सनस्क्रीनची विक्री थांबवली. डबीवरच्या ‘रीफ-सेफ’ (प्रवाळासाठी सुरक्षित) या शब्दांना मात्र ठरलेली कायदेशीर व्याख्या नाही, तेव्हा घटकांची यादीच वाचावी. त्याहून सोपे म्हणजे लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट. झाकलेल्या अंगाला मलम लावावेच लागत नाही.

खरेदीच्या बाबतीत १९७३ मध्ये झालेला आणि १९७५ पासून लागू असलेला ‘साइटीस’ हा वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार महत्त्वाचा. कासवाचे कवच, हस्तिदंत, अनेक प्रवाळे, अजगराची कातडी यांच्या आंतरराष्ट्रीय ने-आणीवर त्यात बंदी किंवा परवान्याची अट आहे. ‘दुकानात उघड विकतात म्हणजे चालत असेल’ हा समज लोकांना विमानतळावर अडकवतो. दुकानदाराची पावती म्हणजे निर्यात परवाना नव्हे. इटलीच्या सार्डिनिया बेटावर तर २०१७ च्या कायद्यानुसार किनाऱ्यावरची वाळू किंवा शिंपले नेल्यास ५०० ते ३,००० युरो दंड होऊ शकतो.

या साऱ्या प्रवासात एक गोष्ट सर्वांत उशिरा हाती घेतली गेली, आणि तीच बहुतेकदा सर्वांत मोठी असते: विमान. हवामानबदलावरच्या १९९७ च्या क्योटो करारात आंतरराष्ट्रीय उड्डाणांचे कार्बन उत्सर्जन देशांच्या लक्ष्यांबाहेर राहिले आणि आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेकडे सोपवले गेले. तिची ‘कोर्सिया’ ही उत्सर्जन भरपाईची योजना २०१६ मध्ये ठरली, २०२१ पासून ऐच्छिक स्वरूपात सुरू झाली आणि २०२७ पासून बहुतेक मोठ्या देशांना बंधनकारक आहे. तीही फक्त २०१९ च्या पातळीच्या ८५ टक्क्यांवरील उत्सर्जन भरून काढायला सांगते. त्याखालच्या उत्सर्जनाला हात लावत नाही.

तिकिटासोबत विकत मिळणारी कार्बन भरपाई, म्हणजे आपल्या उत्सर्जनाच्या बदल्यात झाडे लावण्यासारख्या कामांना दिलेले पैसे, हा त्यावरचा पूर्ण उपाय नाही. लावलेले झाड वाढायला दशके लागतात आणि वणव्यात ते एका दिवसात जाऊ शकते. दोन छोट्या सहलींऐवजी एक लांब सहल केली तर जाण्यायेण्याचा एक प्रवासच वाचतो. टप्प्याटप्प्याने जाण्यापेक्षा थेट विमान बरे, कारण उड्डाण घेऊन उंची गाठताना इंधन सर्वाधिक वेगाने जळते आणि वळसाही वाढतो. बिझनेस क्लासचे आसन जितकी जास्त जागा घेते, तितका उत्सर्जनाचा मोठा वाटा त्याच्या नावावर पडतो. लांब पल्ल्यावर तो साध्या आसनाच्या सुमारे तिप्पट धरतात. एकदा उतरल्यावर देशांतर्गत टप्प्यांसाठी आगगाडी आहे का, हे पुढचे तिकीट काढण्याआधी पाहावे, कारण नंतर कार्यक्रम बदलायला वेळही उरत नाही आणि पैसेही परत मिळत नाहीत.