मानमोडी ते स्वाईन फ्लू : ताप कुणाला जास्त भोवतो

माझी आजी स्वतःचं वय सांगताना म्हणायची, "मानमोडी झाली ना, त्याच्या दोन वर्षांनी मी झाले." जन्मतारीख कुणाला माहीत नव्हती पण मानमोडी सगळ्यांना माहीत होती, आमच्या यावल-रावेरकडं त्यावरूनच हिशोब लागायचा.

मानमोडी म्हणजे 1918 चा इन्फ्लुएन्झा. जूनमध्ये मुंबईच्या गोदीवरचे सात पोलीस शिपाई तापानं दवाखान्यात गेले तिथून सुरुवात धरतात. पहिली लाट तशी हलकी गेली, सप्टेंबरात जी परत आली ती भयंकर, 6 ऑक्टोबरला एकट्या मुंबईत एका दिवसात 768 माणसं गेली. मग घाबरून गावाकडं निघालेले लोक आणि लढाईवरून परतलेले शिपाई आगगाडीत बसले, ताप त्यांच्यासोबतच गावोगाव पोचला, आणि आपलं भुसावळ तर जंक्शनच, एक फाटा नागपूरकडं आणि एक इटारसीकडं. त्यात त्या साली पावसानं दगा दिलेला, धान्य महाग, अंगात ताकद राहणार कुठून. देशात सव्वा कोटीच्या वर माणसं गेली असं धरतात, आणि 1911 ते 1921 या एकाच दशकात भारताची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी कमी झाली.

पण मला सगळ्यात जास्त लागतं ते हे की गेले ते म्हातारे नव्हते, 20 ते 40 च्या वयातले धडधाकट होते, आणि त्यातही बाया जास्त. ऐन कापूस वेचणीच्या तोंडावर घरातली कमावती माणसं आडवी. फ्लूनंतर न्यूमोनिया व्हायचा आणि अँटिबायोटिक तेव्हा नव्हतीच. म्हाताऱ्यांच्या अंगात आधीच्या कुठल्यातरी तशाच तापाची प्रतिकारशक्ती होती म्हणून ते तरले असं मानतात. आणि मुंबईत दाटीवाटीनं राहणाऱ्या, तेव्हा खालच्या जातीचे म्हणून नोंदलेल्या हिंदूंमध्ये हजारामागं 61 च्या आसपास मृत्यू झाले, युरोपियन लोकांत 8, म्हणजे धोका नुसत्या वयावर नव्हता, घर कसं आणि पोटात काय यावरही होता.

पुढं 1957 आणि 1968 मध्ये नवे विषाणू आले. 2009 ला स्वाईन फ्लू आला, देशातला पहिला मृत्यू पुण्यात, आणि तेव्हाही तरुण आणि गरोदर बायांना त्रास जास्त झाला.

दरवर्षीचा फ्लू मात्र वेगळा. साधारण 100 मोठ्या माणसांत 5 ते 10 जणांना वर्षात होतो, बहुतेक जण आठवड्यात उठून कामाला लागतात. आपल्याकडं जानेवारी ते मार्च आणि पावसाळा संपता संपता तो वाढतो. जिवावर बेततं ते 65 च्या पुढच्यांच्या, गरोदर बायांच्या, शुगर, दमा, हृदय किंवा किडनीचा आजार असलेल्यांच्या, आणि मोठ्यांचं सोडलं तर पाच वर्षांच्या आतल्या पोरांच्या. विषाणू बदलत राहतो म्हणून लस दरवर्षी घ्यावी लागते, आणि फ्लूची गोळी पहिल्या 48 तासांत सुरू झाली तर जास्त उपयोगी.

माझ्या काकूला 14 वर्षांपासून शुगर. दोन वर्षांपूर्वी गणपतीनंतर ताप आला, आम्ही सगळे "व्हायरल आहे, उतरेल" म्हणून ओव्याची वाफ देत बसलो, चौथ्या दिवशी तिला पलंगावरून संडासापर्यंत जाताना दम लागला, ओठ निळसर दिसले, तेव्हा कुठं गाडी काढली. नऊ दिवस ऑक्सिजनवर होती. आता पावसाळा लागायच्या आधीच तिचा फोन येतो, "लस आली का रे भाऊ?"