क्लिनिकल सायकॉलॉजीचा उगम

क्लिनिकल सायकॉलॉजी म्हणजे चिकित्सा मानसशास्त्र, मानसशास्त्रातलं ज्ञान समोर बसलेल्या माणसाची अडचण सोडवायला वापरणारी शाखा. क्लिनिकल हा शब्द मुळात ग्रीक भाषेतल्या खाटेवरून आलाय, म्हणजे आजाऱ्याच्या खाटेशेजारी बसून केलेलं काम. पण या शाखेची सुरुवात कुठल्या आजाऱ्यापासून झाली नाही, ती झाली स्पेलिंग न जमणाऱ्या एका शाळकरी मुलापासून.

मार्च 1896, अमेरिकेतलं फिलाडेल्फिया. मार्गारेट मॅग्वायर नावाच्या शाळाशिक्षिका आपल्या 14 वर्षांच्या एका विद्यार्थ्याला घेऊन पेनसिल्वेनिया विद्यापीठात मानसशास्त्र शिकवणाऱ्या लाइटनर विटमरकडे आल्या. मुलगा बाकी हुशार, पण लिहायला बसला की गाडी अडायची. बाईंचं म्हणणं साधं होतं, मानसशास्त्र खरंच उपयोगाचं असेल तर या पोराला मदत करता आली पाहिजे. विटमर जर्मनीत लाइपझिगला विल्हेल्म वुंटकडे शिकून आलेला, आणि वुंटची 1879 ची प्रयोगशाळा म्हणजे सगळ्यांच्या मनाचे सर्वसाधारण नियम शोधायची जागा, एकट्यादुकट्याच्या तक्रारीसाठी नव्हे. तरी त्याने मुलाला तपासलं, आधी डोळ्यांतच दोष सापडला, चष्मा दिला, आणि मग कित्येक महिने त्याची वेगळी शिकवणी चालू ठेवली. त्याच वर्षी तिथे जगातलं पहिलं सायकॉलॉजिकल क्लिनिक सुरू झालं. 1907 मध्ये विटमरने स्वतःचं मासिक काढलं आणि पहिल्याच अंकात या कामाला क्लिनिकल सायकॉलॉजी हे नाव दिलं. त्या पोराला कोणी ढ म्हणून मागच्या बाकावर बसवलं नाही, आधी डोळे तपासले, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

मनाच्या आजारावरच्या उपचारांचा इतिहास अर्थात याहून कितीतरी जुना आहे आणि बराचसा क्रूर आहे. लंडनचं बेथलेम हे वेड्यांचं इस्पितळ 1247 सालचं, तिथे 18 व्या शतकात लोक चक्क वेडे बघायला जायचे, आणि 1814 मध्ये तिथे जेम्स नॉरिस नावाचा रुग्ण सापडला ज्याला गळ्यात लोखंडी कडं घालून दहाएक वर्षं खांबाला जखडून ठेवलेलं होतं. पॅरिसमध्ये मनोरुग्णांच्या साखळ्या काढल्या त्या फिलिप पिनेल या डॉक्टरने असं सगळीकडे छापून येतं, पण बिसेत्रच्या इस्पितळात 1797 मध्ये ते आधी केलं तिथल्या व्यवस्थापकाने, ज्याँ-बाप्तिस्त प्युसाँने, आणि हा माणूस स्वतः एकेकाळी त्याच इस्पितळात गंडमाळेचा पेशंट होता. पिनेलने त्याचं पाहून ते पुढे नेलं.

इंग्लंडमध्ये यॉर्कच्या वेड्यांच्या इस्पितळात 1790 मध्ये हॅना मिल्स ही क्वेकर या ख्रिस्ती पंथातली विधवा वारली, तिला भेटायलाही पंथातल्या लोकांना जाऊ दिलं नव्हतं. त्या दुःखातून चहाचे व्यापारी विल्यम ट्यूक यांनी 1796 मध्ये यॉर्क रिट्रीट उघडलं. तिथे खिडक्यांच्या चौकटीच लोखंडाच्या केल्या, म्हणजे गज दिसायला नकोत आणि तुरुंगात असल्यासारखं वाटायला नको, आणि पेशंट चांगले कपडे घालून चहाला बसायचे. बांधून ठेवणं पूर्ण थांबलं नव्हतं, पण माणूस म्हणून वागवलं की माणूस स्वतःला सावरू शकतो हा विचार इथे प्रत्यक्षात आला.

पुढे फ्रॉइडचं मनोविश्लेषण, म्हणजे मनात दडलेलं बोलतं करून उपचार करायची पद्धत आली, 1905 मध्ये बिने-सिमाँची बुद्धिचाचणी आली, आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने 17 लाखांच्या आसपास लोकांची चाचणी घेतली, त्यामुळे सायकॉलॉजिस्ट म्हणजे टेस्ट घेणारा अशीच ओळख झाली. उपचाराचं काम त्यांच्या हातात खऱ्या अर्थाने आलं ते दुसऱ्या महायुद्धानंतर, कारण परतलेल्या सैनिकांच्या मानाने सायकिॲट्रिस्ट, म्हणजे मनोविकारांचे डॉक्टर, फारच कमी होते. 1949 मध्ये कोलोरॅडोतल्या बोल्डरच्या परिषदेत ठरलं की क्लिनिकल सायकॉलॉजिस्टना संशोधन आणि उपचार दोन्ही शिकवायचं.

आपल्याकडे ब्रिटिशांनी 1858 मध्ये वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा केला. महाराष्ट्रात सरकारी मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार, आणि "याला ठाण्याला पाठवा" हे अजूनही लोक सहज बोलून जातात, ज्यांच्या घरातलं कोणी खरंच तिथे असतं त्यांना ते किती लागत असेल. आजही अनेकांना सायकिॲट्रिस्ट आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट एकच वाटतात. पहिला एमबीबीएस करून पुढे मनोविकारशास्त्र शिकलेला डॉक्टर, औषध तोच लिहून देतो, दुसरा चाचण्या आणि थेरपी करतो आणि भारतात त्याला भारतीय पुनर्वास परिषद (आरसीआय) या सरकारी संस्थेची नोंदणी लागते.