शिकणाऱ्या वायरलेसची कुळकथा

पुण्यातल्या एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजात ईएनटीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशनच्या) शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टची यादी चाळून पाहा. ‘मशीन लर्निंग वापरून’ हे शब्द, म्हणजे उदाहरणं पाहून यंत्राने स्वतः शिकणं, दर दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत भेटतात. चॅनेलचा, म्हणजे सिग्नल जातो त्या वाटेचा, अंदाज मशीन लर्निंग वापरून, टॉवरची पॉवर मशीन लर्निंग वापरून, अँटेनाची दिशाही त्यानेच. वाचणाऱ्याला वाटावं, वायरलेस नावाचं एक जुनं घर होतं आणि त्यात एआय नावाचा भाडेकरू परवाच सामान घेऊन आला. तो भाडेकरू नाही, घरातलाच माणूस आहे, आणि गेली साठ-पासष्ट वर्षं तिथेच राहतोय. नवीन काय असेल तर त्याच्याकडून आता मागितली जाणारी हमी. ती हमी कुठून आली हे कळायला थोडं मागे जावं लागतं. वाटेत पुणे दोन-तीनदा लागतं. आपल्याकडे गावाचं नाव ओढूनताणून आणायची सवय आहे खरी, पण इथे तशी गरज पडत नाही.

सुरुवात १९५१पासून करू. हर्बर्ट रॉबिन्स आणि सटन मन्रो या दोघांनी संख्याशास्त्रातला एक निबंध छापला. प्रश्न असा होता: एखादं उत्तर शोधायचं आहे, पण प्रत्येक मोजमापात गोंगाट मिसळलेला आहे. मग काय करायचं? एक मोजमाप घ्यायचं, चूक ज्या बाजूला दिसते तिच्या उलट थोडं सरकायचं, पुन्हा मोजायचं, आणि सरकण्याची पावलं हळूहळू लहान करत न्यायची. काही अटी पाळल्या तर आपण उत्तरापाशी पोचतो, हे त्यांनी सिद्ध केलं. निबंधात ना रेडिओ होता, ना यंत्राचं शिक्षण. पण पुढे आपल्या गोष्टीच्या दोन शाखा याच खोडातून फुटल्या.

पहिली शाखा स्टॅनफर्डची. बर्नार्ड विड्रो आणि त्यांचा विद्यार्थी टेड हॉफ यांनी १९६०मध्ये ‘अ‍ॅडलाइन’ नावाचा एकपेशीय न्यूरल नेटवर्क (मेंदूच्या पेशींच्या धर्तीवरचं गणिती जाळं) म्हणावा असा प्रकार मांडला. (हा हॉफ म्हणजे पुढे इंटेलमध्ये जाऊन पहिल्या मायक्रोप्रोसेसरच्या जन्मात सहभागी झालेला तोच हॉफ.) त्यांचा एलएमएस नियम एका ओळीत मावतो: हवं ते उत्तर आणि मिळालेलं उत्तर यांतला फरक काढा, आणि त्या फरकाच्या प्रमाणात वजनं, म्हणजे आत येणाऱ्या प्रत्येक आकड्याला दिलेलं महत्त्व, थोडी बदला. आज प्रचंड भाषा-मॉडेलं शिकवताना जे चालतं, त्याचं हे बाळरूप. १९६९मध्ये मिन्स्की आणि पॅपर्ट यांनी एका थराच्या पर्सेप्ट्रॉनच्या, म्हणजे अशाच साध्या न्यूरल नेटवर्कच्या, मर्यादा दाखवल्या आणि न्यूरल नेटवर्कला वाईट दिवस आले. एलएमएसचं मात्र काही बिघडलं नाही. तोवर अशा शिकणाऱ्या रीती टेलिफोनच्या जगात शिरल्या होत्या. बेल लॅब्जमध्ये रॉबर्ट लकी यांनी १९६५मध्ये लाइनप्रमाणे स्वतःला जुळवून घेणारा इक्वलायझर (लाइनने बिघडवलेला सिग्नल सुधारणारा फिल्टर) दाखवला होता. मोडेम, प्रतिध्वनी काढून टाकणारे फिल्टर, अँटेनांचे समूह अशा ठिकाणी हे शिकणारं गणित मुकाट कामाला लागलं. त्याला कुणी एआय म्हणत नव्हतं.

आपल्या खिशातला जुना जीएसएम फोन याचं सगळ्यात जवळचं उदाहरण. तो जे पाठवायचा ते १४८ बिटांच्या छोट्या तुकड्यांत. तुकड्याच्या दोन बाजूंना ५७-५७ बिट कामाचे, आणि बरोबर मध्ये २६ बिट आधीच ठरलेले, दोन्हीकडे ठाऊक असलेले. ते काहीच सांगत नसत. पलीकडचा रिसीव्हर त्या २६ बिटांचं काय झालं ते पाहून हवेतल्या वाटेचा अंदाज बांधायचा आणि त्यावरून बाजूचे बिट ओळखायचा. मध्यभागी का? कारण फोन चालत्या पीएमटी बसमध्ये असला तर वाट सतत बदलते, आणि मधल्या अंदाजाचं अंतर दोन्ही टोकांपासून सारखं पडतं. सेकंदाला दोनशेहून जास्त वेळा हे शिकणं आणि विसरणं चालायचं. मशीन लर्निंगमध्ये ‘लेबल केलेला डेटा’, म्हणजे उत्तरासकट दिलेली उदाहरणं, म्हणतात तो हाच. फक्त तो त्याच तुकड्यात बरोबर यायचा.

दुसऱ्या शाखेसाठी पुण्यात यावं लागतं. थॉमस कैलथ यांचा जन्म १९३५चा, पुण्याचा. मल्याळी कुटुंब, शाळा सेंट व्हिन्सेंट, आणि १९५६मध्ये इथल्याच इंजिनिअरिंग कॉलेजातून, म्हणजे आजच्या सीओईपीतून, टेलिकम्युनिकेशनची पदवी. तिथून एमआयटी, आणि १९६१ची डॉक्टरेट. भारतात जन्मून तिथे इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगमध्ये डॉक्टरेट मिळवणारे ते पहिले. मग स्टॅनफर्ड. तिथे त्यांच्या हाताखाली पीटर स्खाल्कवाइक नावाचा डच विद्यार्थी काम करत होता. १९६६मध्ये दोघांनी मिळून एक युक्ती छापली, आणि ती रॉबिन्स-मन्रोच्या पद्धतीवरून सुचली हे निबंधातच नोंदवलं.

युक्ती थांबून पाहण्यासारखी आहे. मला एक संख्या पाठवायची आहे. मी ती पाठवली, गोंगाटामुळे तुम्हाला थोडी वेगळी ऐकू आली. तुम्ही जे ऐकलं ते मला परत कळवलंत. आता तुमची चूक नेमकी किती, हे मला ठाऊक आहे, तुम्हाला नाही. म्हणून पुढच्या खेपेला मी मूळ संख्या पाठवत नाही. फक्त तुमची चूक, मोठी करून पाठवतो. तुम्ही तेवढी दुरुस्ती करता, नवा अंदाज कळवता, मी उरलेली चूक आणखी मोठी करून पाठवतो. माहितीशास्त्राचा पाया घालणाऱ्या क्लॉड शॅनन यांनी १९५६मध्येच सांगून ठेवलं होतं, की आठवण न ठेवणाऱ्या (आत्ताचा गोंगाट आधीच्यावर अवलंबून नसलेल्या) चॅनेलची क्षमता अशा प्रतिसादाने वाढत नाही. क्षमता वाढली नाहीच, पण चुकण्याची शक्यता इतक्या वेगाने खाली आली, की घातांकाच्या डोक्यावर आणखी एक घातांक चढवावा लागला. प्रतिसाद न वापरणाऱ्या साध्या कोडिंगला असा वेग जमत नाही.

मेख अशी, की परतीची वाट गोंगाटमुक्त हवी. अवकाशयानाला पृथ्वीवरून दणकट ट्रान्समीटरने कळवायचं असेल तर ते ठीक. फोनला ते परवडत नाही, त्याचं उत्तरही त्याच हवेतून जातं. परतीच्या वाटेवर थोडा गोंगाट आला की युक्ती ढासळते. त्यामुळे कित्येक दशकं ती पाठ्यपुस्तकात मानाने बसून राहिली. २०१८मध्ये हायेजी किम, श्रीराम कन्नन, प्रमोद विश्वनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रतिसाद कसा वापरायचा हेच न्यूरल नेटवर्कला शिकायला लावलं. ‘डीपकोड’ हे त्याचं नाव. ५० बिटांच्या छोट्या निरोपांवर, परतीच्या वाटेत गोंगाट असतानाही, त्याने जुन्या युक्तीवर मात केली. माणसाने बावन्न वर्षांपूर्वी काढलेलं सूत्र जिथे अडलं होतं, तिथे यंत्राने स्वतःची वाट काढली. मशीन लर्निंगने वायरलेसमध्ये केलेल्या कामांत मला हे सगळ्यात मोलाचं वाटतं. नुसतं ‘अचूकता दोन टक्क्यांनी वाढली’ छापाचं ते नाही.

आता ऑप्टिमायझेशन, म्हणजे शक्य उत्तरांतून सगळ्यात चांगलं शोधणं. जॉर्ज डँट्झिग यांची सिम्प्लेक्स पद्धत १९४७ची; ती शक्य उत्तरांच्या आकृतीच्या एका कोपऱ्यावरून दुसऱ्यावर जात उत्तर शोधते. व्यवहारात झकास, पण १९७२मध्ये क्ली आणि मिंटी यांनी दाखवलं की मुद्दाम रचलेल्या उदाहरणांत ती प्रत्येक कोपऱ्याला भेट देत बसते. १९७९मध्ये खाचियान यांनी कागदावर वेगवान, हातात घेतली तर रेंगाळणारी पद्धत दिली. आणि १९८४मध्ये बेल लॅब्जमधल्या, तिशीही न गाठलेल्या नरेंद्र करमरकर यांनी कोपऱ्यांवरून चालण्याऐवजी आकृतीच्या पोटातून वाट काढली. करमरकर जन्माने ग्वाल्हेरचे, वाढले पुण्यात, शिकले आयआयटी मुंबईला. १९ नोव्हेंबर १९८४ला न्यूयॉर्क टाइम्सने ही बातमी पहिल्या पानावर घेतली. गणिती रीत वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर, हे वर्षानुवर्षं घडत नाही. एटी अँड टी कंपनीने टेलिफोनच्या जाळ्याच्या आखणीसाठी ती वापरली आणि १९८८मध्ये तिचं पेटंटही मिळवलं. गणिताचं पेटंट घेता येतं का, हा वाद त्यावरून बराच रंगला. वायरलेससाठी महत्त्वाचं ते नंतर घडलं. पोटातून जाण्याची ही कल्पना १९९०च्या दशकात सगळ्या कॉन्व्हेक्स, म्हणजे वाटीसारखा एकच तळ असलेल्या, प्रश्नांपर्यंत पसरली, आणि अँटेनांचे झोत कुठे वळवायचे, कोणाला किती पॉवर द्यायची, असे बरेच प्रश्न अदमासाऐवजी हमखास उत्तराने सोडवता येऊ लागले.

पॉवरच्या प्रश्नाला तर पुण्यातही एक काळ घरोघरी उत्तर मिळत होतं, कोणाला कळत नसलं तरी. २००३च्या पावसाळ्यात पाचशे एक रुपयांत सीडीएमए फोन मिळू लागले आणि रिक्षावाल्यापासून भाजीवाल्या मावशींपर्यंत सगळ्यांच्या हाती ते आले. सीडीएमएत सगळे फोन एकाच पट्ट्यात एकाच वेळी बोलतात. टॉवरजवळचा फोन मोठ्याने बोलला तर लांबचा बुडतो. म्हणून टॉवर प्रत्येक फोनला सेकंदाला ८०० वेळा ‘थोडं वाढव’ किंवा ‘थोडं कमी कर’ असं सांगत राहायचा. हे सगळे फोन एकमेकांना न विचारता आपापली पॉवर बदलत असतील तर शेवटी स्थिरावतील की ओरडाओरड होईल? जेरार्ड फॉशिनी आणि झोरान मिल्यानिच यांनी १९९३मध्ये दाखवलं, की उत्तर मुळात अस्तित्वात असेल तर प्रत्येकाने फक्त आपली गुणवत्ता मोजून पॉवर बदलली तरी सगळे तिथेच पोचतात.

याच दशकात कैलथ यांच्याकडे स्टॅनफर्डला आरोग्यस्वामी पॉलराज आले. भारतीय नौदलातून निवृत्त, खडकवासल्याच्या एनडीएत पंधराव्या वर्षी दाखल झालेले, लोणावळ्याच्या नौदल कॉलेजात इंजिनिअर झालेले. त्यांचं आणि कैलथ यांचं १९९४चं पेटंट म्हणजे आजच्या मायमोचा पाया: इमारतींवर आपटून अनेक वाटांनी येणारा सिग्नल ही कटकट न मानता प्रत्येक वाटेवरून वेगळा माल पाठवायचा. घराघरातल्या वाय-फायला दोन-चार अँटेना असतात त्या यामुळे.

पण अँटेना, टॉवर आणि फोन वाढले तसे प्रश्न कॉन्व्हेक्स राहिले नाहीत. एकमेकांना त्रास देणाऱ्या अनेकांमध्ये पॉवर अशी वाटायची की एकूण वेग सर्वाधिक व्हावा, हा प्रश्न सर्वसाधारण रूपात एनपी-हार्ड (झटपट आणि अचूक सोडवण्याची रीत कुणाला ठाऊक नसलेला) आहे, हे २००८मध्ये सिद्ध झालं. २०११च्या डब्ल्यूएमएमएसई नावाच्या रीतीने चांगलं, पण फेऱ्यांवर फेऱ्या मारून उत्तर मिळू लागलं. तेवढ्या वेळात हवा बदलून जाते. २०१७च्या सुमारास हावरान सुन आणि सहकाऱ्यांनी न्यूरल नेटवर्कला त्या रीतीची नक्कल शिकवली: फेऱ्या आधीच, निवांत वेळी मारायच्या आणि ऐनवेळी एका झटक्यात उत्तर काढायचं. त्याच वर्षी ओ’शे आणि हॉयडिस यांनी अख्खी ट्रान्समीटर-रिसीव्हर जोडीच एकत्र शिकवण्याचा प्रस्ताव मांडला. चर्चा त्याची जास्त झाली; कामाला पहिली कल्पना लवकर येईल असं मला वाटतं.

इथपर्यंत सगळं सरासरीचं गणित. विसर्जनाच्या रात्री अलका चौकात व्हिडिओ अडकला तर माणूस दोन शिव्या देतो आणि ढोल ऐकत पुढे सरकतो. कंपन्या अशा वेळी चाकांवरचे टॉवर आणतात, काम भागतं. चाकणच्या कारखान्यात बिनतारी आज्ञेवर चालणारी गाडी लोखंडी रॅकांच्या गल्लीत वळते तेव्हा तसं भागत नाही. फाइव्ह-जीच्या जागतिक निकषांत म्हणून एक वेगळा आकडा आला: ३२ बाइटचा निरोप १ मिलिसेकंदात, ९९.९९९ टक्के वेळा. म्हणजे लाखात एक चूक. इतक्या छोट्या निरोपाला शॅननचं क्षमतेचं सूत्र जसंच्या तसं लागू पडत नाही, कारण ते लांबच लांब कोड गृहीत धरतं. छोट्या निरोपाला किती दंड बसतो, हे पॉल्यान्स्की, पूअर आणि व्हेर्दू यांनी २०१०मध्ये बारकाईने मोजून दिलं.

शिकणाऱ्या यंत्राची अडचण इथे उघडी पडते. ते सरासरी चूक कमी करायला शिकतं, आणि हमी मागितली जाते दुर्मीळ चुकीची. हिशेब करून पाहा. लाखात एक चूक आहे की नाही हे भरवशाने सांगायला निदान १०० चुका दिसायला हव्यात, म्हणजे १ कोटी निरोप. दर मिलिसेकंदाला एक पाठवला तर सुमारे पावणेतीन तास. तेवढ्यात शिफ्ट बदलते, ट्रक आत येतो, रॅक हलतो, आणि मोजलेली हवा उरतच नाही. शिवाय चुका पसरून येत नाहीत, एकत्र घोळक्याने येतात. म्हणजे १ कोटीही कमीच. म्हणून मंडळी आता पूर-वादळांच्या अभ्यासातलं टोकाच्या घटनांचं संख्याशास्त्र इकडे आणतायत. काही जण व्लादिमिर वोव्क आणि सहकाऱ्यांच्या कॉन्फॉर्मल प्रेडिक्शनकडे वळलेत, ज्यात यंत्र एकच उत्तर ठोकून देत नाही, ठरावीक भरवशाची उत्तरांची यादी देतं.

मानकं लिहिणारे याबाबत सावध आहेत, आणि ते बरंच आहे. मोबाइलची मानकं ठरवणाऱ्या थ्रीजीपीपीच्या अठराव्या आवृत्तीत एआयचा अभ्यास झाला तो तीन ठिकाणी: चॅनेलची माहिती दाबून परत पाठवणं, झोताची दिशा निवडणं आणि जागा ओळखणं. मॉडेलवर नजर ठेवायची आणि बिनसलं तर जुन्या, साध्या रीतीवर परत यायचं, हेही त्यातच आलं. ओपन रॅनच्या, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं जोडता येतील अशा टॉवरच्या जाळ्याच्या, रचनेत एक शिकणारा नियंत्रक १० मिलिसेकंद ते १ सेकंदाच्या आवाक्यातले निर्णय घेतो. त्याहून झटपट निर्णय त्याच्याकडे नाहीत.

२०२३मध्ये आयटीयूने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या दूरसंचार संघटनेने, पुढच्या पिढीचा, सिक्स-जीचा, आराखडा मान्य केला. त्यात एआय आणि दळणवळण हा वापराचा स्वतंत्र प्रकार आहे, आणि विश्वासार्हतेचं संशोधन-लक्ष्य लाखात एक चुकीपासून कोटीत एकपर्यंत. कोटीत एक तपासायला तोच हिशेब लावला तर १०० कोटी निरोप लागतात, म्हणजे दर मिलिसेकंदाला एक या वेगाने अखंड साडेअकरा दिवस. चाकणच्या शेडमध्ये तेवढ्या दिवसांत अख्खी लाइन हलवलेली असते.