तिजोरीतला पैसा आणि प्रयोगशाळेतला पैसा

२०२४ चा मे महिना. परीक्षेच्या सुपरव्हिजनमधून सुटून कॉलेजच्या कडुलिंबाखाली उभा होतो, तेव्हा तृतीय वर्षाच्या एका पोरानं मोबाइल पुढं केला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाची हिरवळ आणि तिच्यावर तंबूच तंबू. हा पोरगा सैन्यभरतीसाठी रोज पहाटे पाचला आमच्या तालुक्याच्या रस्त्यावर सोळाशे मीटर पळतो. त्यानं विचारलं, "सर, ही पोरं फौजेच्या विरोधात कामून गेली?" शेजारी एक मुलगी उभी होती, एमएस्सीला छत्रपती संभाजीनगरला जायचं ठरवलेली. ती म्हणाली, "फौजेच्या नाही रे. विद्यापीठानं शस्त्रांच्या कंपन्यांतून पैसे काढावेत म्हणतेत ते. आपल्या विद्यापीठानं पण डायव्हेस्ट केलं पाहिजे."

तेवढ्यात पुढच्या पेपरची घंटा झाली आणि दोघांचंही उत्तर राहून गेलं. ते इथं लिहितो, कारण नंतर हाच घोळ मी मोठ्या माणसांच्या बोलण्यातही ऐकला.

पोराचं आधी. ही आंदोलनं जवानाविरुद्ध नव्हती. छत्रपती संभाजीनगरात १९७७ पासून सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था आहे आणि एनडीएसाठी राज्यभरातून मुलं तिथं तयार होतात. कॉलेजात एनसीसी असते, काही ठिकाणी संरक्षणशास्त्र हा विषय असतो. त्या तंबूंमधल्या मुलांचा रोख गणवेशावर नव्हता. विद्यापीठाचा पैसा आणि विद्यापीठाची बुद्धी कुठल्या शस्त्रासाठी वापरली जाते आणि ते शस्त्र कुणावर पडतं, असं ती विचारत होती. गाझात त्या वेळी जे चाललं होतं ते रोज प्रत्येकाच्या मोबाइलवर दिसत होतं.

मुलीच्या बोलण्यातला घोळ जास्त खोल आहे आणि तो शब्दापासूनच सुरू होतो. 'डायव्हेस्टमेंट'ला मराठी पेपरात 'निर्गुंतवणूक' म्हणतात. पण आपल्या कानाला निर्गुंतवणूक म्हणजे सरकारनं सार्वजनिक कंपनीतला आपला वाटा विकणं. २०१८ मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे शेअर सरकारनं बाजारात आणले, ती निर्गुंतवणूक. विद्यार्थ्यांची मागणी तिच्याहून वेगळी आहे, म्हणून मी 'भांडवल काढून घेणं' असं सरळ म्हणतो. तिच्या शेजारी दुसरी एक मागणी असते, ती म्हणजे संरक्षण खात्याचे आणि शस्त्रकंपन्यांचे संशोधन करार तोडणं. घोषणा एकाच तोंडातून येतात, फलक एकाच दोरीला बांधलेले असतात, म्हणून दोन्ही एकच वाटतात. प्रत्यक्षात पहिल्या मागणीतला पैसा विद्यापीठातून बाहेर जातो आणि दुसऱ्या मागणीतला बाहेरून विद्यापीठात येतो.

त्याच वसंतात अमेरिकेत दोन्ही मागण्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. कोलंबियात १७ एप्रिलला तंबू पडले. तिथली मुख्य मागणी तिजोरीबद्दल होती: विद्यापीठाच्या कायम निधीतली जी गुंतवणूक इस्रायलला शस्त्रं पुरवणाऱ्या आणि अशा इतर कंपन्यांत आहे, ती जाहीर करा आणि काढून घ्या. हा निधी १३ अब्ज डॉलरच्या वर आहे. काही दिवसांतच बोस्टनजवळ एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठात तंबू पडले. तिथल्या मुलांची मुख्य मागणी प्रयोगशाळेबद्दल होती: इस्रायलच्या संरक्षण मंत्रालयाकडून संशोधनासाठी पैसे घेणं थांबवा. ते तंबू बातम्यांत एकसारखेच दिसले.

जालन्याकडच्या माणसाला हे एका वाक्यात कळेल. बियाणे कंपनीत ज्यानं पैसे गुंतवले आहेत तो एक माणूस. कंपनीकडून मूळ बी घेऊन स्वतःच्या रानात बीजोत्पादनाचा प्लॉट करणारा दुसरा. पहिल्यानं रागानं पैसे काढले तर त्याचा शेअर दुसरा कुणीतरी घेतो आणि कंपनीच्या गोदामात एक पोतंही कमी होत नाही. दुसऱ्यानं प्लॉट करायचं नाकारलं तर कंपनीचं तेवढं रान गेलं, नर-मादीच्या ओळी लावणारे, पराग पाडणारे हात गेले. मात्र त्याची झळ आधी त्याच शेतकऱ्याला बसते, कारण त्या हंगामाचं उत्पन्न त्याच प्लॉटवर असतं. प्रयोगशाळेचंही असंच असतं. करार तुटला की आधी एखाद्या संशोधक विद्यार्थ्याची फेलोशिप बंद होते.

म्हणून भांडवल काढण्याची मागणी फुसकी, असं मी म्हणणार नाही. तिचं बळ बदनामीत असतं. १९८५ मध्ये कोलंबियाच्या मुलांनी वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेशी व्यवहार करणाऱ्या कंपन्यांमधून पैसा काढा म्हणून हॅमिल्टन हॉलच्या दाराला साखळ्या लावून तीन आठवडे ठिय्या दिला. त्याच वर्षी विश्वस्तांनी ते मान्य केलं आणि पुढच्या वर्षी कॅलिफोर्निया विद्यापीठानंही. एवढ्या मोठ्या संस्था 'या पैशाचा आम्हाला विटाळ' म्हणू लागल्या, तेव्हा त्या राजवटीला जगात तोंड दाखवणं अवघड झालं. अडचण निराळीच असते. आजकाल विद्यापीठाचा पैसा थेट कंपनीच्या शेअरमध्ये नसतो. आपल्या एसआयपीसारखा तो फंडांच्या टोपल्यांत असतो आणि एका टोपलीत शेकडो कंपन्या. कोलंबियाच्या मुलांनी 'आधी जाहीर करा' म्हटलं ते यामुळेच.

ठराव आणि अंमलबजावणी यांतलं अंतर मराठवाड्याला कुणी शिकवायला नको. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला, तेही नामविस्तार म्हणून. मधल्या साडेपंधरा वर्षांत दलित वस्त्या जळाल्या, माणसं गेली. त्यामुळे २०२४ मध्ये ब्राउन विद्यापीठानं मुलांना तंबू काढायला लावताना 'ऑक्टोबरमध्ये मतदान घेऊ' असं वचन दिल्याचं वाचलं, तेव्हा मला बरं वाटलं नाही. मतदान झालं आणि तिथल्या मंडळानं मागणी फेटाळली. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या मुलांना मात्र मे महिन्यातच, व्याप्त पॅलेस्टाइनमध्ये काम करणाऱ्या आणि संयुक्त राष्ट्रांच्या यादीत असलेल्या इस्रायली कंपन्यांतून पैसा काढण्याचा शब्द मिळाला. तिजोरीच्या प्रश्नावर मूठभर विश्वस्त एका बैठकीत होय किंवा नाही म्हणू शकतात.

प्रयोगशाळेचा प्रश्न एका बैठकीत सुटत नाही. तो विभागाविभागात, गाईडगाईडमध्ये विभागलेला असतो. हॅमिल्टन हॉलकडेच पुन्हा जाऊ. १९६८ च्या एप्रिलमध्येही ती इमारत मुलांनी ताब्यात घेतली होती. शेजारच्या हार्लेम वस्तीच्या बागेत विद्यापीठ व्यायामशाळा बांधत होतं, ते एक कारण. दुसरं असं की आदल्या वर्षी एका विद्यार्थ्याला ग्रंथालयात काही कागद सापडले आणि कळलं, की पेंटागॉनसाठी शस्त्रांचा अभ्यास करणाऱ्या 'इन्स्टिट्यूट फॉर डिफेन्स ॲनालिसेस' या संस्थेचं कोलंबिया सभासद आहे. कुलगुरू स्वतः त्या संस्थेच्या मंडळावर होते. ३० एप्रिलच्या पहाटे पोलीस आत घुसले आणि सातशेच्या आसपास अटका झाल्या. पुढं कोलंबियानं त्या संस्थेशी नातं तोडलं. त्यानंतर ५६ वर्षांनी, ३० एप्रिललाच, त्याच इमारतीतून पोलिसांनी मुलांना बाहेर काढलं. १९६८ ला दारामागं प्रयोगशाळेची बाजू होती, १९८५ आणि २०२४ ला तिजोरीची. तीन पिढ्यांच्या बातम्यांचे मथळे एकसारखे असतात, त्यामुळे हा फरक पुसला जातो.

करार तोडल्यावर पुढं काय होतं, हेही पाहायला हवं. एमआयटीच्या इन्स्ट्रुमेंटेशन लॅबनं अपोलो यानाचा दिशादर्शक संगणक बनवला आणि पोसायडन क्षेपणास्त्राची दिशादर्शन यंत्रणाही बनवली. आंदोलनानंतर १९७३ मध्ये ती लॅब ड्रेपर लॅबोरेटरी या नावानं विद्यापीठापासून वेगळी झाली. काम मात्र चालूच राहिलं, फक्त विद्यापीठाच्या छपराखालून सरकलं. स्टॅनफर्डमध्ये त्याहून उलटं घडलं. १९६९ मध्ये तिथल्या मुलांनी लष्करी कामं घेणाऱ्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटवर विद्यापीठानं जास्त ताबा ठेवावा अशी मागणी केली. विश्वस्तांनी १९७० मध्ये ती संस्थाच वेगळी करून टाकली. मुलांना हवा होता अंकुश, हाती आली मोकळीक. 'संबंध तोडा' ही घोषणा फलकावर रंगवण्याआधी प्रत्येक विद्यार्थी नेत्यानं हे उदाहरण वाचावं, असं मला मनापासून वाटतं.

आणि विस्कॉन्सिन विसरू नये. मॅडिसनच्या त्या विद्यापीठात १९६७ मध्ये नापाम, म्हणजे अंगाला चिकटून जळणारं बाँबमधलं रसायन, बनवणारी डाऊ केमिकल कंपनी नोकरभरतीला आली, तेव्हा मुलांनी वाट अडवली आणि पोलिसांनी डोकी फोडली. तो कॅम्पस इंटरव्ह्यूचा प्रश्न, तिसराच. पण २४ ऑगस्ट १९७० ला त्याच आवारात लष्कराच्या गणित संशोधन केंद्राला लक्ष्य करून चौघांनी बाँब फोडला. त्यात मेला रॉबर्ट फासनाख्त हा भौतिकशास्त्रज्ञ. तो त्याच इमारतीत अतिवाहकतेवर काम करत होता आणि त्या लष्करी केंद्राशी त्याचा काही संबंध नव्हता. त्याला तीन लहान मुलं होती. तिजोरीच्या प्रश्नात समोर आकडे असतात आणि प्रयोगशाळेच्या प्रश्नात माणसं. तिथं राग मोजून वापरावा लागतो.

कुठल्या बाजूला रेघ मारायची, यावर देशही एकमताचे नाहीत. जर्मनीत ब्रेमेन विद्यापीठानं १९८६ पासून 'नागरी कलम' स्वीकारलं: संशोधन फक्त नागरी, शांततेच्या कामासाठी. २०२४ मध्ये त्याच देशातल्या बव्हेरिया राज्यानं कायदा करून अशा कलमांना बंदी घातली. जपानच्या विज्ञान परिषदेनं १९५० आणि १९६७ मध्ये लष्करी संशोधनाला नकार दिला आणि २०१७ मध्ये तो पुन्हा उच्चारला, कारण दोनच वर्षांपूर्वी तिथलं संरक्षण खातं विद्यापीठांना पैसे द्यायला लागलं होतं.

आता आपलं. मुलगी 'आपल्या विद्यापीठानं डायव्हेस्ट करावं' म्हणाली. पण काढायला आहे काय? आपली राज्य विद्यापीठं पगाराला राज्य शासनाकडं आणि प्रकल्पाला दिल्लीच्या संस्थांकडं पाहतात. हार्वर्ड-कोलंबियासारखा शेअर बाजारात फिरणारा निधी इथं नाही, शिल्लक पैसा बहुतेक बँकेच्या मुदत ठेवीत. ती मागणी इथं केली तर रिकाम्या कणगीवर काठी आपटल्यासारखं होईल. दुसरा प्रश्न मात्र खरा आहे. १९५८ मध्ये डीआरडीओ, म्हणजे केंद्राची संरक्षण संशोधन संस्था, स्थापन झाली. त्याच वर्षी आपलं विद्यापीठही सुरू झालं. डीआरडीओ देशभरच्या आयआयटींना आणि विद्यापीठांना संशोधन प्रकल्प देते. राज्यातले सरकारी आयुध कारखाने भुसावळ, वरणगाव, खडकी, भंडारा, चंद्रपूर अशा ठिकाणी आहेत, मराठवाड्यात एकही नाही. त्यामुळे हा विषय आपल्याकडं भोंग्याच्या आवाजानं येत नाही, तो प्रकल्पाच्या फाईलमधून येतो.

फाईलमधून येतो म्हणूनच तो ओळखू येत नाही. माझं पीएचडीचं काम वायू ओळखणाऱ्या पातळ थरांवर होतं. अमोनिया गळला तर सांगणारा सेन्सर शीतगृहात उपयोगी पडतो आणि तेच तंत्र विषारी वायूचा हल्ला ओळखायलाही लागतं. कपाशीवर फवारणी करणारा ड्रोन वाऱ्यात दहा लिटरची टाकी घेऊन स्थिर राहतो, ते गणित औषधाला आणि बाँबला सारखंच लागू होतं. तेव्हा 'लष्करी संशोधन बंद' म्हटलं तर आमच्या भौतिकशास्त्र विभागाला निम्मी कपाटं बंद करावी लागतील. सीमेवर आमच्याच गावची पोरं उभी आहेत, त्यांच्या हाती चांगलं उपकरण असावं हे मलाही वाटतं. माझा आग्रह वेगळ्या जागी आहे. करार उघड असावा. निष्कर्ष छापायला कुणाची परवानगी लागते हे विद्यार्थ्याला सही करण्याआधी कळावं. आणि तयार झालेली वस्तू परदेशात विकली जाणार असेल, तर त्यावर बोलायची मुभा विद्यापीठाच्या अधिसभेला असावी. कंपनीच्या पैशातून प्रबंध झाला आणि तो कुलूपबंद राहिला, तर ते विद्यापीठ उरत नाही, भाड्याचं वर्कशॉप होतं.

हे मागण्याचा रस्ता आपल्याकडं आहे. डीआरडीओ माहिती अधिकार कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे, म्हणजे तिच्याकडून सहसा माहिती मिळत नाही. विद्यापीठ मात्र त्या यादीत नाही. सुरक्षा किंवा व्यापारी गुपित सांगून ते काही पानं अडवू शकतं, पण सगळी फाईल सरसकट झाकता येत नाही. अर्जाला दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

ती मुलगी आता संभाजीनगरला एमएस्सी करते. मागच्या महिन्यात फोन आला, "सर, अर्ज लिहायला बसलेय. 'विद्यापीठ शस्त्रकंपन्यांना मदत का करते' असा पहिला प्रश्न लिहू का?" म्हटलं, 'का'ला उत्तर देत नाहीत, हातात असलेला कागद मागायचा. मग मी सांगत गेलो आणि ती लिहीत गेली: मागील पाच वर्षांत विद्यापीठानं व त्याच्या विभागांनी संरक्षण मंत्रालय, त्याच्या अधीन संस्था आणि संरक्षण उत्पादनातील खासगी कंपन्या यांच्याशी केलेल्या सर्व सामंजस्य करारांच्या साक्षांकित प्रती, निष्कर्ष प्रसिद्ध करण्यासंबंधीच्या अटींच्या पानांसह.