कृपा (ख्रिस्ती धर्म)

माणसाची कसलीही कमाई किंवा लायकी नसताना देवाने त्याच्यावर केलेला अनुग्रह म्हणजे कृपा. बायबलच्या नव्या करारात यासाठी 'खारिस' हा ग्रीक शब्द येतो. लॅटिनमध्ये त्याचा 'ग्रातिया' झाला. दया आणि कृपा हे शब्द बोलण्यात एकमेकांच्या जागी येतात, पण प्रवचनांत त्यांतला फरक बहुधा असा सांगतात : शिक्षा टळली ती दया, हक्क नसलेले दान पदरात पडले ती कृपा.

ही कल्पना सर्वांत ठसठशीतपणे मांडली ख्रिस्ताचा प्रेषित पौल याने, आणि तीही मजुरीच्या भाषेत. काम करणाऱ्याला मिळते ते त्याचे येणे असते, कोणाची मेहेरबानी नव्हे, असे रोमकरांस लिहिलेल्या पत्रात (४:४) तो म्हणतो. पुढे (६:२३) पापाचे वेतन मरण आणि सार्वकालिक जीवन हे मात्र देवाचे कृपादान, अशी जोडी येते. इफिसकरांस पत्रात (२:८-९) तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे होते, कर्मांनी नव्हे. म्हणजे कोणाला बढाई मारायला जागाच उरत नाही.

मत्तयाच्या शुभवर्तमानातील (अध्याय २०) द्राक्षमळ्याचा दृष्टान्त याच मजुरीवर उभा आहे. काही मजूर पहाटे लागतात, काही दुपारी, तर काही दिवस मावळायला तासभर उरला असताना. संध्याकाळी सगळ्यांच्या हातावर सारखाच एक दिनार पडतो, आणि तोही शेवटी आलेल्यांपासून सुरुवात करून. दिवसभर उन्हात राबलेले कुरकुरतात. त्यांचे ठरलेले पैसे कोणी बुडवलेले नाहीत. सलतो तो मालकाचा उदारपणा. वाचकाची सहानुभूती पहिल्या मजुरांकडेच जाते, आणि दृष्टान्ताची धार तिथेच आहे.

मग माणसाच्या प्रयत्नाचे काय? पाचव्या शतकाच्या आरंभी हा प्रश्न पेटला. 'तू जी आज्ञा करतोस, ती पाळण्याचे बळही दे' या आशयाची उत्तर आफ्रिकेतील बिशप ऑगस्टीनची (३५४-४३०) प्रार्थना रोममध्ये कानी पडताच पेलाजियस हा तपस्वी धर्मशिक्षक संतापला, असे ऑगस्टीननेच नोंदवले आहे. बळ मागूनच घ्यायचे तर नीतीची जबाबदारी कोणाची, हा त्याचा आक्षेप पोरकट नव्हता. ऑगस्टीनचे उत्तर असे, की पापाने माणसाची इच्छाशक्तीच दुबळी झाली आहे. चांगले इच्छिण्यालाही कृपा लागते. ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मपरिषदेने पेलाजियसची मते धिक्कारली. ५२९ च्या ऑरेंजच्या परिषदेने तर विश्वासाचा पहिला अंकुरही कृपेचाच ठरवला.

सोळाव्या शतकात भांडण पुन्हा उभे राहिले, पण वेगळ्या अंगाने. कृपा फुकट आहे, यावर कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट या दोन्ही पक्षांचे दुमत नव्हते. प्रॉटेस्टंट पक्षाचा प्रवर्तक मार्टिन ल्यूथर याच्या मते कृपा म्हणजे पाप्याकडे वळलेली देवाची प्रसन्न दृष्टी. माणूस नीतिमान ठरतो तो ख्रिस्तामुळे, केवळ विश्वासाने. कॅथलिक शिकवणीत कृपा आत्म्यात ओतलीही जाते आणि त्याला आतून बदलते. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील परिषदेने १५४७ मध्ये सांगितले, की नीतिमान ठरण्यापूर्वीचे कोणतेही कर्म ही कृपा कमावू शकत नाही, मात्र माणसाची इच्छा तिला साथ देते किंवा तिला नाकारू शकते. नाकारण्याची ही मुभा नेदरलँड्समधील डॉर्ट येथे भरलेल्या कॅल्विनवादी (जॉन कॅल्विनच्या मताच्या प्रॉटेस्टंटांच्या) सभेला (१६१८-१९) मान्य नव्हती. मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली उलट म्हणे, की माणूस देवाकडे वळण्याआधीच एक कृपा प्रत्येकात काम करत असते आणि तीच होकार-नकाराची ताकद देते. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स परंपरा या वादात फारशी गुंतली नाही. तिच्या लेखी कृपा ही देवाची स्वतःची, निर्माण न केलेली ऊर्जा आहे.

कृपा फुकट म्हटली की पाप करायला मोकळीक, ही शंका पौलाच्या काळीही होती, त्याने ती स्वतःच विचारून (रोम. ६:१) झिडकारली. जर्मन धर्मज्ञ डीट्रिख बोनहॉफर याने १९३७ मध्ये पश्चात्तापावाचून दिलेल्या क्षमेला 'स्वस्त कृपा' म्हटले. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे लूथरन जागतिक महासंघ व कॅथलिक चर्च यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या : देव माणसाला स्वीकारतो तो त्याच्या गुणांमुळे नव्हे, केवळ कृपेने. इच्छेच्या साथीबद्दलचे मतभेद दोन्ही बाजूंनी त्याच कागदात नोंदवून ठेवले.