तिखट झोंबायला लागलं, हेही ओपीडीत सांगा

भारतातलं पहिलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट १९८३ साली परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये झालं. आता टाटाचं हे काम खारघरच्या अॅक्ट्रेक या त्यांच्याच केंद्रात चालतं. बाहेरगावचे पेशंट आसपासच्या सेक्टरांत भाड्याने खोली घेऊन राहतात. ट्रान्सप्लांटनंतर पहिले शंभर दिवस सगळं लक्ष रक्तपेशींच्या काउंटकडे असतं. ते निभावले की घरचे सुस्कारा टाकतात. पुढे काही महिन्यांनी, बहुधा पहिल्या वर्षातच, काहींना क्रॉनिक जीव्हीएचडी गाठतो, म्हणजे डोनरकडून आलेल्या पेशी पेशंटच्याच शरीरावर हल्ला करतात आणि हे दुखणं लांबतं.

सख्ख्या भावाचं एचएलए, म्हणजे डोनर निवडताना जुळवतात ती पेशींवरची ओळखखूण, पूर्ण जुळलं तरी बाकी असंख्य प्रथिनांत फरक उरतोच. डोनरच्या पेशींना पेशंटचं शरीर परकं वाटतं आणि त्या त्याच्यावर उठतात. सुरुवात किरकोळ दिसते. नेहमीची आमटी झोंबते, तोंडात पांढरट रेषा उमटतात, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, कातडी ताठरते, मांडी घालून बसता येत नाही. पूर्वी थेट हाडातून मज्जा काढत. हल्ली बहुतेकदा डोनरच्या हाताच्या शिरेतून रक्त घेऊन त्यातल्या स्टेम सेल, म्हणजे रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी, वेगळ्या करतात. डोनरची सोय झाली, पण या पद्धतीत क्रॉनिक जीव्हीएचडीचं प्रमाण जास्त आढळतं.

उपचार ठरवण्याआधी त्वचा, तोंड, डोळे, यकृत, पोट, सांधे, फुप्फुसं, जननेंद्रियं अशा एकेका अवयवाला गुण देतात. एक-दोन ठिकाणीच आणि हलका त्रास असेल तर बऱ्याचदा पोटात घ्यायचं औषध लागत नाही. स्टिरॉइडच्या गुळण्या, डोळ्यांचे थेंब, त्वचेला मलम एवढ्यावर भागतं. फुप्फुसं मात्र अपवाद. तिथे थोडी जरी सुरुवात असली तरी आजार ‘सौम्य’ धरत नाहीत.

मध्यम किंवा तीव्र आजाराला पहिलं औषध आजही प्रेडनिसोलोन, अगदी स्वस्तात मिळणारी स्टिरॉइडची जुनी गोळी. वजनाच्या दर किलोला साधारण १ मिलिग्रॅम, म्हणजे ५५ किलोच्या माणसाला रोज ५५. सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध आधीपासून चालू असेल तर तेही बहुधा चालू ठेवतात. सुरुवातीपासूनच जोडीला आणखी एक औषध द्यावं, हा विचार डॉक्टरांनी अनेकदा करून पाहिला. मायकोफेनोलेट जोडलं, अलीकडे इब्रुटिनिबही जोडलं, पण एकट्या स्टिरॉइडपेक्षा सरस निकाल हाती आला नाही.

मग डोस वाढवून एकदाचा नायनाट का करू नये? कारण डोनरच्या याच पेशी उरलासुरला ल्युकेमियाही, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, टिपत असतात. ज्यांना क्रॉनिक जीव्हीएचडी होतो, त्यांच्यात कॅन्सर उलटण्याचं प्रमाण कमी दिसतं. शिवाय या आजारात जिवावर बेततं ते पुष्कळदा इन्फेक्शनमुळे. म्हणून स्टिरॉइडसोबत सेप्ट्रान हे इन्फेक्शन टाळणारं औषध आणि बुरशीविरोधी औषधं दिली जातात, साखर आणि हाडं तपासत राहावं लागतं. ताप आला तर सोमवारच्या ओपीडीची वाट बघायची नाही.

खरं कसब आहे ते डोस उतरवण्यात. दोनेक आठवड्यांत फरक दिसला की टप्प्याटप्प्याने कमी करतात. सगळं मिळून उपचार दोन-तीन वर्षंही चालतात. पूर्ण डोसवर असूनही एक-दोन आठवड्यांत आजार वाढला, किंवा महिना-दोन महिन्यांत काहीच सुधारणा नसली, तर रुक्सोलिटिनिबसारख्या दुसऱ्या औषधाकडे वळतात. साधारण निम्म्या पेशंटवर ही वेळ येते.

घरात मात्र निराळाच घोळ होतो. चेहरा सुजून गोल झाला की कोणी तरी म्हणतं, ‘स्टिरॉइड म्हणजे विष, बंद कर’, आणि गोळी एकदम सुटते. ते धोक्याचं आहे, कारण शरीराने स्वतःचं स्टिरॉइड बनवणं थांबवलेलं असतं. दुसरा सल्ला गुळवेलीच्या काढ्याचा, प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून! इथे दुखणंच प्रतिकारशक्तीचं आहे, ती वाढवून कसं चालेल? त्यात २०२१ मध्ये मुंबईतल्याच डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या पेशंटची नोंद प्रसिद्ध केली होती, आणि यकृत तर या आजाराचं आवडतं लक्ष्य.

स्टेशनचा जिना चढताना दम लागू लागला तर तो अशक्तपणावर ढकलू नका. या आजारात अरुंद झालेल्या बारीक श्वासनलिका सहसा पूर्ववत होत नाहीत. म्हणूनच त्रास नसला तरी डॉक्टर दर काही महिन्यांनी फुंकर मारायची ती पीएफटी, म्हणजे फुप्फुसांची तपासणी, करायला सांगतात.