न्यूमोनियातला ‘प’ जातो कुठे?

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला असलेली माझी भाची परवा राजारामपुरीत आमच्याकडे आली ती रडवेल्या चेहऱ्यानेच. वर्गात ‘प्न्यूमोनिया’ म्हणाली आणि पोरं हसली. मला रागच आला. मूळ ग्रीक शब्दात ‘प’ आहे आणि ग्रीक माणूस तो आजही म्हणतो, जर्मनही म्हणतात. गाळतात ते इंग्रज.

पण ‘स्लीप ॲप्निया’ (झोपेत श्वास थांबणं) म्हणताना तेच इंग्रज ‘प’ स्वच्छ उच्चारतात. ‘अ’ म्हणजे नाही, ‘प्निया’ म्हणजे श्वास. इंग्रजीत कुठलंच अक्षर, म्हणजे एका दमात उच्चारला जाणारा तुकडा, ‘प्न’ने सुरू होत नाही. शब्दाच्या तोंडाशी हा ‘प’ निराधार पडतो आणि गळतो. मधे असला, की मागच्या अक्षराला जाऊन चिकटतो: ॲप्-नि-या.

आपणही हेच करतो. ‘स्वप्न’ लिहिताना स्व आणि प्न, बोलताना स्वप्-न. शाळेत जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू धरायला शिकवतात ते यामुळेच. ‘तुम्हाला’मधला ‘तु’ मात्र लघूच राहतो, कारण ‘म्ह’ फुटत नाही. मराठी जशी लिहितो तश्शी बोलतो, ही फुशारकी म्हणून सोडून द्यावी.

आता खरी गंमत. ग्रीक शब्द इंग्रजीत आले ते बहुतेक लॅटिनमार्गे, आणि लॅटिनचा आघात, म्हणजे उच्चारातला जोर, लघु-गुरूवरच ठरतो. शेवटून दुसरं अक्षर गुरू असेल तर आघात त्याच्यावर, लघू असेल तर त्याच्या आधीच्यावर. ‘थ्रॉम्बोसिस’ (रक्तवाहिनीत रक्ताची गुठळी होणं) यातला ‘बो’ मुळात दीर्घ, म्हणून जोर ‘बो’वर. ‘मेटास्टॅसिस’ (कर्करोग शरीरात दुसरीकडे पसरणं) म्हणजे मेटा अधिक स्टॅसिस, पण त्यातला ‘स्ट’ ऱ्हस्व. म्हणून जोर एक घर मागे सरकतो, ‘स’ही मागे जातो आणि डॉक्टर म्हणतात मि-टॅस्-ट-सिस. अर्थाचा सांधा एकीकडे, उच्चाराचा दुसरीकडे. खोकल्यातून रक्त पडणं, म्हणजे हिमो अधिक प्टिसिस, तेही असंच: हि-मॉप्-टि-सिस. मूळच्या ‘प्टिसिस’मधला मुका ‘प’ इथे बोलू लागतो.

1972 साली केर, वायली आणि करी या शास्त्रज्ञांनी एका लेखात पेशींच्या नियोजित मृत्यूला ‘ॲपोप्टोसिस’ नाव दिलं. झाडाची पानं गळणं, असा त्याचा ग्रीक अर्थ. दुसरा ‘प’ मुका ठेवा, असं त्यांनी त्या लेखातच लिहिलं होतं. तरी आज कितीतरी संशोधक ॲ-पॉप्-टो-सिस म्हणतात. भाचीने तो शब्द वहीत लिहिला आणि दुसऱ्या ‘प’भोवती पेन्सिलीने गोल काढला.